आजोबांनी अर्ज भरला, नात डब्लिनची, संकेतस्थळ नाशिकचं. मुलांच्या माहितीला कायदा कुठला?

सांजवात (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आठ दिवस डोक्यात हाच एक विषय घोळतोय, म्हणून धागा काढते.

आम्ही तिघी मैत्रिणी मुलांच्या गोष्टींचं एक छोटं संकेतस्थळ चालवतो. मुलं मराठीत गोष्ट वाचून दाखवतात, घरातलं कुणीतरी फोनवर रेकॉर्ड करून पाठवतं आणि आम्ही ती चढवतो. सोबत मुलाचं पूर्ण नाव, वय, शाळा, गाव आणि एक फोटो. दिवाळीत कथाकथन स्पर्धा असते. आतापर्यंत साडेतीनशेच्या वर ध्वनिफिती झाल्यात.

मागच्या आठवड्यात डब्लिनहून एका आईचं पत्र आलं. तिची बारा वर्षांची मुलगी जुलैमध्ये आजोळी सांगलीला आली होती. तिथे आजोबांनी तिच्याकडून एक गोष्ट वाचून घेतली आणि आम्हाला पाठवली. आईनं लिहिलंय, 'बाबांनी कौतुकानं पाठवली, त्यांच्यावर माझा राग नाही. पण तिच्या वर्गातल्या मुलींना तिचं नाव शोधताना तुमचं पान सापडलं. फोटो, शाळेचं नाव, सगळं त्यावर आहे. तिला ते नकोय. आणि तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत.'

पान त्याच रात्री काढलं. मग जुना अर्ज उघडला. 'मी पालक असून माझी संमती आहे' या चौकोनात खूण होती. त्याच्याच खाली 'मुलाशी नातं' असा रकाना आहे आणि त्यात स्वच्छ लिहिलंय: आजोबा. तो रकाना आम्हीच ठेवला होता आणि आम्हीच कधी वाचला नव्हता.

आता प्रश्न असा की आम्हाला कायदा कुठला लागू होतो? आम्ही भारतातल्या. मुलगी आयर्लंडची. भाड्याचा सर्व्हर अमेरिकेत. मुलं तर न्यू जर्सी, मेलबर्न, दुबई सगळीकडची आहेत. जाणकारांनी सांगावं. जे चुकलंय ते दुरुस्त करायचं आहे, त्यातून सुटायची वाट मला नको आहे.

पिंपळपान (मुंबई)

सांजवातताई, त्याच रात्री पान काढलंत हे फार चांगलं केलंत. मी याच कायद्यांचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्व्हर कुठे आहे हे सगळे आधी विचारतात. या प्रकरणात त्याला सगळ्यात कमी महत्त्व आहे. मूल कुठे आहे आणि तुम्ही त्याला बोलावलंत का, हे आधी बघा.

युरोपचा जीडीपीआर, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा, २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम ३ म्हणतं की संस्था युरोपबाहेरची असली तरी ती युरोपातल्या लोकांना काही सेवा देऊ करत असेल, मग पैसे घेऊन असो की फुकट, किंवा त्यांच्या वागण्यावर नजर ठेवत असेल, तर हा कायदा तिला लागू. तिकडून तुमचं पान नुसतं उघडतं, एवढ्यानं काही होत नाही. तुम्ही त्या लोकांना डोळ्यासमोर ठेवलं होतं का, हे तपासलं जातं. कुठली भाषा वापरलीत, चलन कुठलं, तिथल्या ग्राहकांचा उल्लेख कुठे केलाय का, वगैरे.

तुमच्या स्पर्धेचं पान आत्ता पाहिलं. 'परदेशातील बालमित्रांसाठी प्रवेशशुल्क ५ डॉलर किंवा ५ युरो.' ताई, ती युरोची ओळ लिहिलीत तिथेच आयर्लंडच्या मुलांना दार उघडलंत. स्पर्धेपुरता तरी जीडीपीआर लागू नाही असं म्हणणं फार अवघड जाईल.

सांगलीतली ध्वनिफीत मात्र स्पर्धेतली नव्हती आणि मुलगी तेव्हा भारतात होती. तिथे तिकडचा कायदा लागतो की नाही यावर दोन वकील दोन बाजूंनी भांडू शकतील. तुमच्या जागी मी असते तर भांडले नसते. आईची मागणी मान्य केली असती, तुम्ही केलीत तशीच. एरवी जीडीपीआरमध्ये अशा मागणीला उत्तर द्यायला एक महिना मिळतो.

आपला कायदा म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुलांविषयीच्या तरतुदी नियम आल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. आपल्याकडे मूल म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेलं कुणीही. पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. हे मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. परदेशी कंपनी भारतातल्या लोकांना सेवा देऊ करत असेल तर तिलाही हाच कायदा.

खारीबिस्कीट (ठाणे)

माहितीबद्दल आभार. पण एक शंका मनापासून विचारतो. तीन बायका घरून चालवतात असं संकेतस्थळ. आयर्लंडहून कोण येणार नाशिकला? इतकं घाबरायचं कारण आहे का?

डब्लिनकर

खारीबिस्कीट, दंडाच्या भीतीनं विचार केलात तर कुणी येणार नाही हे बरोबरच आहे. पण मी त्या आईच्या बाजूला बसलोय. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. इथे सोळा वर्षांखालच्या मुलाच्या संमतीवर कुठली ऑनलाइन सेवा चालणार असेल तर ती संमती आईवडिलांनी द्यायची असते. जीडीपीआरनं मूळ वय १६ ठेवलं आणि देशांना ते १३ पर्यंत खाली आणायची मुभा दिली. त्यामुळे एका युरोपात आयर्लंड आणि जर्मनी १६, फ्रान्स १५, स्पेन आणि इटली १४, बेल्जियम १३ असा प्रकार झालाय. ब्रिटननं बाहेर पडल्यावरही १३ च ठेवलं. सीमेवर राहणाऱ्या चुलतभावंडांना एकाच अॅपसाठी वेगवेगळे नियम.

गूगल, मेटा, टिकटॉक यांची युरोपातली मुख्यालयं डब्लिनला असल्यामुळे मोठे निर्णय इथलाच डेटा संरक्षण आयोग देतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इन्स्टाग्रामला ४०.५ कोटी युरोंचा दंड झाला. किशोरवयीन मुलं आपलं खातं 'व्यवसाया'चं करून घेत होती आणि त्यामुळे त्यांचे फोन नंबर, ईमेल जगाला दिसत होते. पुढच्या वर्षी टिकटॉकला ३४.५ कोटी. तिथे मुलांचं खातं उघडल्याबरोबर सगळ्यांना दिसेल अशीच मांडणी होती.

आकडे बाजूला ठेवा. सांजवातताईंच्या पानावर नेमकं तेच झालं होतं, छोट्या प्रमाणात. नाव, शाळा, चेहरा, सगळं उघड्यावर. त्या मुलीला उद्या सकाळी त्याच वर्गात बसायचं आहे.

अॅमस्टेलवीनची आई (नेदरलँड्स)

आजोबांचं वाचून इकडचा एक खटला आठवला. मे २०२० मध्ये गेल्डरलँड प्रांताच्या न्यायालयानं एका आजीला नातवंडांचे फोटो फेसबुक आणि पिंटरेस्टवरून काढायला लावले. मुलांच्या आईनं वारंवार सांगूनही आजी ऐकत नव्हती, म्हणून लेक कोर्टात गेली. घरगुती वापराला जीडीपीआर लागू नसतो, पण फोटो सगळ्या जगाला दिसत असतील तर ते घरगुती राहिलं असं ठरवता आलं नाही. निकाल: काढा, नाहीतर दिवसाला ५० युरो, जास्तीत जास्त १००० युरो.

वाचून मला त्या आजीचंही वाईट वाटलं होतं. यातल्या एका नातवाला तिनं काही वर्षं स्वतःच्या घरी सांभाळलं होतं. पण मुलं सोळाच्या आतली, आणि होकार द्यायचा अधिकार आईवडिलांचा.

अजून एक, मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचं. जुलै २०२१ मध्ये इथल्या नियामकानं टिकटॉकला साडेसात लाख युरोंचा दंड केला. कारण काय, तर अॅप घेताना येणारं गोपनीयतेचं निवेदन फक्त इंग्रजीत होतं. वापरणारी बरीच लहान डच मुलं. ज्या भाषेत मुलाला कळत नाही त्या भाषेत सांगितलं म्हणजे सांगितलंच नाही, असा त्याचा अर्थ. मी त्या दिवशी नवऱ्याला म्हटलं होतं, हे मराठीसाठी कधी होणार?

पिंपळपान (मुंबई)

अॅमस्टेलवीनची आई, होणार आहे. आपल्या कायद्यात संमती मागताना सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावाच लागेल. २२ भाषा आहेत, मराठी आणि कोंकणी दोन्ही त्यात. मला या संपूर्ण कायद्यात सगळ्यात आवडणारी तरतूद ही आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

एडिसनकर (न्यू जर्सी)

आमच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या बारा मुलांनी सांजवातताईंकडे गोष्टी पाठवल्या आहेत, त्यामुळे मी या धाग्यात थेट अडकलेला माणूस आहे. अमेरिकेचं सांगतो.

इथला कायदा कॉपा, मुलांची ऑनलाइन माहिती जपण्याचा. १९९८ मध्ये झाला, एप्रिल २००० पासून लागू. वय १३ च्या आत. तेरा पूर्ण झालेल्या मुलाला या कायद्याचं काहीही संरक्षण नाही, हे लक्षात ठेवा. अंमलबजावणी फेडरल ट्रेड कमिशनकडे. परदेशी संकेतस्थळ अमेरिकेतल्या मुलांसाठी असेल, किंवा अमेरिकन मुलांची माहिती आपण घेतोय हे त्याला ठाऊक असेल, तर त्यालाही लागू. ताईंच्या अर्जावर 'वय ९, एडिसन' असं लिहिलेलं आहे. ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागाच नाही.

हा कायदा व्यापारी सेवांसाठी आहे. खऱ्या अर्थानं ना-नफा संस्था त्यातून सुटतात. तुमचा गट नोंदणीकृत आहे का? नसेल आणि शुल्क घेत असाल, तर 'आम्ही नफा कमवत नाही' हे नुसतं सांगून चालेल असं धरून चालू नका. जीडीपीआर आणि भारतीय कायदा यांत तर ना-नफा म्हणून सूटच नाही.

२०१३ पासून मुलाचा आवाज, फोटो आणि व्हिडिओ हे सगळं कॉपात वैयक्तिक माहिती मानलं जातं. म्हणजे तुमच्याकडे नाव लपवलं तरी ध्वनिफीत उरतेच. आणि संमती म्हणजे चौकोनात खूण नव्हे. सही केलेला कागद स्कॅन करून पाठवणं, कार्डानं व्यवहार, टोल-फ्री क्रमांकावर किंवा व्हिडिओवर प्रशिक्षित माणसाशी बोलणं, सरकारी ओळखपत्र तपासून लगेच पुसणं, असे मार्ग दिलेत. माहिती फक्त आतल्या वापरासाठी असेल तर ईमेल आणि त्यावर आणखी एक खातरजमा एवढ्यावर भागतं, पण जगाला दाखवायची असेल तर नाही. तुमचं सगळं जगाला दाखवण्यासाठीच आहे.

२०२५ मध्ये नियम पुन्हा बदलले. ते पाळायची मुदत २२ एप्रिल २०२६. मुलांची माहिती अनंत काळ ठेवता येणार नाही, किती दिवस ठेवणार आणि कधी पुसणार हे लिहून ठेवावं लागेल. माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा बदल आहे.

खारीबिस्कीट, 'कोण येणार' या प्रश्नावर. अमेरिकेबाहेरच्यांवर कारवाई होते. हाँगकाँगची खेळणी बनवणारी व्हीटेक, जानेवारी २०१८, साडेसहा लाख डॉलर. बंगळूरुत वाढलेली आणि सिंगापूरला नोंदवलेली इनमोबी, जून २०१६, साडेनऊ लाख डॉलर. लोकांच्या ठावठिकाण्याचा माग काढत होती आणि त्यात मुलांच्या अॅपमधली मुलंही आली. मे २०१९ चं उदाहरण तर बघाच. युक्रेनच्या एका कंपनीची तीन डेटिंग अॅप्स बारा वर्षांच्या मुलांनाही घेत होती. कमिशननं कंपनीला इशाऱ्याचं पत्र लिहिलं आणि अॅपल व गूगलनं ती अॅप्स दुकानातून काढून टाकली. युक्रेनला कुणी गेलं नाही.

गोमंतकी (मडगाव)

एडिसनकर, शेवटचं वाक्य फार खरं आहे. कायदा आपल्या दारात येतो तो अशा वाटेनंच. कमिशन आणि न्यूयॉर्क राज्य यांनी मिळून सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबला १७ कोटी डॉलरांचा दंड केला, आणि जानेवारी २०२० पासून जगातल्या प्रत्येक चॅनेलला 'हा व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही' हे सांगावं लागायला लागलं. अमेरिकेचा एक निकाल, आणि इचलकरंजीत बसून बडबडगीतं चढवणाऱ्याच्या टिप्पण्या बंद झाल्या, माग काढणाऱ्या जाहिराती बंद झाल्या, जाहिरातींचं उत्पन्न घटलं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी मुलांसाठी बाराखडीचं अॅप केलं होतं. मराठी आणि कोंकणी. नाव विचारत नव्हतो, खातं उघडायला लावत नव्हतो, त्यामुळे आपण कसलीच माहिती घेत नाही असं छातीठोक सांगायचो. खर्च निघावा म्हणून एका जाहिरात कंपनीचा एसडीके, म्हणजे जाहिराती दाखवणारा तयार कोड, जोडला होता. कंपनीचं नाव घेत नाही. एका पावसाळी रविवारी, करण्यासारखं काही नव्हतं म्हणून, अॅपमधून बाहेर काय जातं ते तपासायला बसलो. मूल 'ग गणपतीचा' वर बोट ठेवतं आणि त्याच क्षणी फोनचा जाहिरात क्रमांक, फोनचं मॉडेल आणि अंदाजे ठिकाण तिसऱ्याच कुणाकडे जातं. 'घ घराचा', पुन्हा तेच. प्रत्येक अक्षराला.

मी त्या रात्री जेवलो नाही. माझीच भाची ते अॅप वापरत होती.

कॉपात २०१३ पासून असा फोनचा कायमचा क्रमांकही वैयक्तिक माहिती आहे. आपल्या कायद्यात मुलांना हेरून जाहिराती दाखवायला बंदी आहे. मी एसडीके काढला. आता अॅपला उत्पन्न नाही, वर्षाचा खर्च खिशातून करतो. सांजवातताई, तुमच्या पानांवर भेटींची मोजणी करणारं किंवा जाहिरातींचं काही बसवलंय का, ते आधी बघा. अर्जापेक्षा ते महत्त्वाचं आहे.

सांजवात (नाशिक)

गोमंतकी दादा, बघितलं. जाहिराती नाहीत, पण भेटी मोजणारं एक आहे. ते बसवलंय हे आम्ही तिघी विसरूनही गेलो होतो. आज काढलं.

एडिसनकर, आमचा गट नोंदणीकृत नाही. शुल्काचे पैसे माझ्या बचत खात्यात येतात.

युकॅलिप्टस (मेलबर्न)

इकडचं थोडक्यात. १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब, रेडिट असे दहा मंच. पालकांनी हो म्हटलं तरी नाही. दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, मुलाला किंवा आईबापाला नाही.

तुमचं संकेतस्थळ त्यात येत नाही. पण माझा मुलगा चौदाचा आहे. त्याचं खातं गेलं आणि त्याच सुट्टीत पुण्याला त्याच्या मावसभावाचं तेच अॅप मजेत चालू होतं. दोघं एका पलंगावर बसलेले. हे त्याला कसं समजवायचं ते मला अजून जमलेलं नाही.

शाळामास्तर (बीड जिल्हा)

धागा पहिल्यापासून वाचला. शहरातल्या आणि परदेशातल्या आईबापांचं कळलं. आता आमच्याकडचं ऐका, कारण पिंपळपान यांनी सांगितलेला कायदा आमच्याही मुलांना लागू होणार आहे.

माझ्या वर्गात ३१ मुलं. त्यातल्या ११ जणांचे आईबाप दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यावर गेले ते उन्हाळ्यापर्यंत येणार नाहीत. मुलं आजी-आजोबांकडे. जेवण आजी करते, ताप आला तर दवाखान्यात आजोबा नेतो, शाळेच्या कागदावर अंगठा आजीचा. घरात फोन एक, तोही बापाच्या नावावरचा, आणि तो बापाबरोबर उसाच्या फडात.

गेल्या वर्षी एका अभ्यासाच्या अॅपवर मुलांची नोंदणी करायचं ठरलं. ओटीपी बापाच्या फोनवर. बाप फडात, पहाटे तीनला तोडीला लागलेला, रेंज नाही. संध्याकाळी मुकादमाच्या फोनवरून उलट फोन यायचा आणि बाप ओरडून चार आकडे सांगायचा, तोवर ओटीपी मेलेला. शेवटी काय झालं असेल? सगळ्या ११ जणांच्या पुढे माझा नंबर टाकला. म्हणजे कागदोपत्री ११ मुलांचा पालक मी.

हे चूक आहे हे मला तेव्हाही कळत होतं. पण मुलं मागं राहिली असती. सांगलीच्या त्या आजोबांनी चौकोनात खूण का केली ते मला समजतं. त्यांनी खोटं लिहिलं नाही, नातं आजोबाच लिहिलं. त्यांच्या घरात त्या महिन्यापुरते तेच पालक होते.

पिंपळपान ताई, आजीनं दिलेली संमती चालेल का, याचं सरळ उत्तर द्या.

पिंपळपान (मुंबई)

मास्तर, सरळ उत्तर: कायद्यात 'पालक' म्हणजे आई, वडील किंवा कायदेशीर पालक. आजी मुलाला सांभाळते एवढ्यानं ती कायदेशीर पालक होत नाही. त्यामुळे आजीची संमती आज जसा मजकूर आहे त्यात बसत नाही. तुमचीही नाही.

थोडा दिलासा आहे. नियमांच्या चौथ्या अनुसूचीत शिक्षणसंस्था, दवाखाने, पाळणाघरं यांना काही कामांपुरती सूट आहे. शाळेला शिकवण्याच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या कामासाठी मुलांवर लक्ष ठेवता येतं. बस कुठे पोचली हे बघण्यापुरता मुलांच्या ठिकाणाचा मागही काढता येतो. पण ही सूट शाळेच्या कामाची. बाहेरच्या कंपनीनं अभ्यासाच्या नावाखाली घेतलेल्या प्रत्येक माहितीला ती आपोआप मिळते असं समजू नका.

आणि पडताळणीचे मार्ग म्हणजे आधीपासून सेवेकडे असलेली पालकाची खात्रीची ओळख, पालकानं स्वतः दिलेली ओळख, किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेतून मिळालेलं टोकन. तिन्हींत आईबाप फोन हातात घेऊन बसलेले आहेत असं गृहीत आहे. तुमच्या वर्गातले ११ जण ते नियम लिहिताना कुणाच्या डोळ्यासमोर आले नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. १८ हे वयही मला पटत नाही. सतरा वर्षांची मुलगी लातूरला खोली घेऊन नीटची तयारी करते आणि प्रश्नपत्रिकांच्या अॅपसाठी वडिलांची पडताळणी लागते, हे तिच्या भल्याचं नाही. सरकारला एखाद्या सुरक्षित सेवेपुरतं वय खाली आणायचा अधिकार कलम ९ मध्ये आहे. तो वापरला पाहिजे.

सांजवातताई, तुमच्यासाठी एक मुद्दा राहिला. लहान संस्थांना आणि स्टार्टअपना सरकार काही कलमांतून सूट देऊ शकतं. त्या यादीत मुलांचं कलम ९ नाही. लहान आहोत म्हणून सुटू, हा विचार आत्ताच सोडा.

खारीबिस्कीट (ठाणे)

माझा प्रश्न मागे घेतो. माझ्या पुतणीची गोष्टही त्या संकेतस्थळावर आहे, आणि ती मी पाठवली होती. वहिनीला आज फोन केला. तिला माहीतच नव्हतं.

डब्लिनकर

सांजवातताई, एक व्यवहारातली सूचना. वेगवेगळ्या देशांची वयं पाठ करत बसू नका. सगळ्यात कडक नियम सगळ्यांना लावा. त्याहून सोपं म्हणजे जी माहिती नको ती घेऊच नका. गोष्ट ऐकायला शाळेचं नाव कशाला लागतं?

सांजवात (नाशिक)

तीन आठवड्यांनी लिहितेय. मधे आम्ही तिघींनी सगळी पानं बंद ठेवली होती.

शाळा, गाव, आडनाव आणि फोटो गेले. फोटोंच्या जागी मुलानं स्वतः काढलेलं चित्र. जन्मतारीख विचारायची नाही, फक्त 'लहान गट' की 'मोठा गट'. युरो-डॉलरची ओळ काढली, आणि नोंदणी होईपर्यंत शुल्कही बंद. नोंदणीचे कागद गोळा करतोय.

संमतीसाठी आता आईला किंवा वडिलांना व्हिडिओवर फोन करतो. पाच मिनिटं लागतात. जुन्या साडेतीनशेंपैकी जेवढ्यांचे पालक सापडले तेवढ्यांना फोन झाले, उरलेल्या ध्वनिफिती खाली उतरवल्या. मन जड झालं. एका मुलाची गोष्ट त्याच्या आजीनं पाठवली होती आणि ती आजी आता नाही. तिचा हुंकार मागे ऐकू येतो. त्याच्या वडिलांना शोधून ती फीत त्यांच्याकडे दिली आणि आमच्याकडून पुसली.

मास्तरांच्या मुलांचं काय करायचं यावर आम्ही खूप वाद घातला. शेवटी असं ठरलं की आईवडील घरी नसतील तर गोष्ट घ्यायची, पण संकेतस्थळावर चढवायची नाही. मास्तर ती वर्गातच वाजवतील. सुगी संपून आईबाप परत आले की त्यांना ऐकवायची आणि मग विचारायचं.

मुलांसाठीची सूचना आम्ही मराठीत लिहिली, अर्ध्या पानाची. मास्तरांनी ती वर्गात वाचून घेतली.

शाळामास्तर (बीड जिल्हा)

वाचून झाल्यावर चौथीतली एक पोरगी उभी राहिली. म्हणाली, 'गुरुजी, आज मी हो म्हणले. दहावीला गेल्यावर मला लाज वाटली तर?' मी ताईंना तसंच कळवलं.

पिंपळपान (मुंबई)

त्या मुलीनं बरोबर जागेवर बोट ठेवलंय. लहानपणी दिलेली माहिती मोठेपणी पुसून घेण्याचा हक्क जीडीपीआरच्या कलम १७ मध्ये आहे आणि मुलांसाठी तो खास महत्त्वाचा मानलाय. आपल्याकडेही दिलेली संमती मागे घेता येते आणि माहिती पुसायला सांगता येते. सूचनेत ते मुलाच्या भाषेत यायला हवं.

सांजवात (नाशिक)

आलं. शेवटून दुसरी ओळ अशी केली: 'ही गोष्ट तुझी आहे. तू मोठी झाल्यावर, किंवा उद्यासुद्धा, तुला ती इथे नको वाटली तर आम्हाला एक ओळ लिही. का, ते सांगावं लागणार नाही.'

डब्लिनच्या आईलाही पाठवली. तिचं उत्तर काल आलं. मुलीनं दुसरी गोष्ट वाचली आहे, या वेळी नाव स्वतः निवडलंय, 'चिमणी'. संमतीच्या फोनवर आई होती आणि शेजारी सुट्टीसाठी तिकडे गेलेले आजोबा बसले होते.

एडिसनकर (न्यू जर्सी)

ताई, ती ओळ आमच्या मराठी शाळेच्या अर्जावर घेऊ का? इंग्रजीतही लिहावी लागेल.

सांजवात (नाशिक)

घ्या. इंग्रजी झाली की आम्हालाही पाठवा.